जगूतात्या आणि राखणदार

कॉम्प्युटरमधली एक ओळ पुसण्याआधी त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे जगूतात्या. चपला दाराबाहेर काढून, टोपी सारखी करून ते मॉनिटरसमोर उभे राहत, हात जोडत आणि सुरू करत:

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो काय नंबर यादीतसून काढूक घेतलेलो आसा, तो काढताना कोणाचा काय वायट होव नये. चुकान भलत्याचोच काढलो गेलो, तर तो परत जाग्यार आणून ठेव रे म्हाराजा!"

मग मागे वळून माझ्याकडे बघत. मी "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय त्यांचं बोट कळफलकाला लागत नसे. मी पडलो डिप्लोमावाला. पहिले दोन महिने मी नुसता खाकरत होतो. पण खाकरण्याने नंबर पुसला जात नाही हे कळल्यावर मुकाट्याने म्हणायला लागलो.

मी मूळचा नांदगावचा, भातशेतीवाल्या घरातला. समुद्र ही पाहुण्यांना दाखवायची वस्तू, एवढीच माझी समज. तोंडवलीच्या अलीकडे किनाऱ्यावर एक मच्छीमार सोसायटी आहे, तिथे दोन हजार सात साली मी सेक्रेटरी म्हणून लागलो. खाली बर्फाची खोली आणि ऑफिस, वर कौलारू माडी. रुजू झालो त्या दिवशी मला एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि जगूतात्या अशा तीन गोष्टी ताब्यात मिळाल्या. पैकी खुर्ची मोडकी होती.

तात्यांचं पूर्ण नाव जगन्नाथ तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. आणि हा तांडेल असा, की धक्क्यावर उभं राहून दोन मिनिटं लाटांकडे बघितलं तरी त्याला मळमळायचं. "आमच्या वाडवडलांनी इतको दर्या बघल्यानी, की माझ्या वाटणीचो उरलोच नाय," असं ते स्वतःच सांगत. म्हणून पंचवीस-तीस वर्षांमागे ते सोसायटीत कारकून झाले आणि त्यांच्याकडे होड्यांचं रजिस्टर आलं. सकाळी कुठली होडी बाहेर पडली ते लिहायचं, आणि ती परत आली की नावापुढे एकच शब्द: सुखरूप. शेवटच्या होडीपुढे तो शब्द पडेपर्यंत तात्या खुर्चीवरून उठत नसत. बायको वारलेली, घरी वाट बघणारं कोणी नाही, तेव्हा उठण्याची घाईही नसावी. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटायचं, म्हातारा ऑफिसच्या पंख्याची हवा फुकट खातोय.

पुसणे या क्रियापदाशी या माणसाचं हाडवैर होतं. "पुसूक येक टिचकी, लिवक आखो जल्म," हे त्यांचं पेटंट वाक्य. ऑफिसच्या फळ्यावरची सूचना ते पुसत नसत, उरलेल्या कोपऱ्यात नवी लिहीत. त्यामुळे मी आलो तेव्हा फळ्यावर तीन वर्षांपूर्वीच्या सभेचं आमंत्रण होतं आणि त्या आठवड्याची सूचना कोपऱ्यात चार अंगुळं जागेत अंग चोरून बसली होती. वहीतलं नाव खोडायचं तर पट्टीने एकच बारीक रेघ मारायची. खालचं अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे. मी एकदा एका नोंदीवर गिरगटलं, तर माझ्या हातातलं पेन काढून घेतलं त्यांनी. "सेक्रेटरीनू, खोडा, पण वाचूक गावला पायजे! उद्या तो माणूस परत इलो तर तेका काय सांगतलास, तुझ्यार शाय सांडली म्हणान?"

मालवणी माणूस माणसांशी मालवणीत बोलतो आणि साहेबाशी मराठीत. तात्या कॉम्प्युटरशी मराठीत बोलत. "कृपया यादी उघडावी," असं म्हणून मग बटण दाबायचे. यंत्र 'खात्री आहे का?' असं विचारतं तेव्हा आपण सगळे काहीएक न वाचता हो म्हणतो. तात्यांच्या मते तो प्रश्न खरा होता. "तो इचारता म्हणजे तेका शंका आसा," असं म्हणून ते चष्मा काढत, पुसत, खिडकीबाहेर बघत आणि पाच मिनिटं खरोखरच विचार करत. तेवढ्यात वीज जायची.

वीज जायची म्हणूनच माडीवर दुसरा कॉम्प्युटर होता. तात्यांनी शाईने लिहिलेलं रजिस्टर मी रोज कॉम्प्युटरवर उतरवायचो, पण खालच्याला खारी हवा आणि विजेचा लपंडाव सोसवत नसे, म्हणून त्याची नक्कल वरच्यात जाऊन पडायची. हा वरचा बॅटरीवर चालायचा आणि त्याला वायरने एक मोबाईल जोडलेला होता. वादळाचा इशारा त्यात टाकला की तो आपणहून यादीतल्या सगळ्या नंबरांना मेसेज पाठवायचा. हे सगळं बसवलं कुडाळच्या परबांनी. त्यांनी नाव सांगितलं, बॅकअप सर्व्हर. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे राखणदार." गावाच्या वेशीवर असतो तसा. तेव्हापासून राखणदाराला रोज अबोलीचं फूल आणि अमावस्येला नारळाची कवड, म्हणजे फोडलेली अर्धी वाटी, सुरू झाली. एका अमावस्येनंतर मुंग्या कॉम्प्युटरच्या डब्यात शिरल्या आणि परबांना कुडाळहून मोटारसायकल काढून यावं लागलं. मग तात्यांनी कवड टेबलाखाली ठेवायला सुरुवात केली. फूल मात्र डोक्यावरच राहिलं.

आता मूळ गोष्ट. दोन हजार आठच्या मे महिन्यात, हंगामाच्या अगदी शेवटी, एक दिवस हवामानाचा इशारा आला. राखणदाराने मेसेज सोडायला सुरुवात केली. पण यादीत तीनेकशे नंबर, त्यातले कित्येक मेलेले. कोणी मोबाईल पाण्यात टाकलेला, कोणी होडी विकून मुंबईला गेलेला. राखणदार प्रत्येक मेलेल्या नंबराला तीन-तीनदा हाका मारत बसला आणि जिवंत माणसं रांगेत मागे राहिली. तोंडवलीच्या होड्यांना मेसेज पोचला तेव्हा वारं सुटून तास झाला होता. माणसं कशीबशी काठाला लागली, पण दोन होड्यांची जाळी गेली. संध्याकाळी त्या लोकांनी ऑफिसात येऊन भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ते ओल्या कपड्यांनी बाकावर नुसते बसून राहिले. 

यादी साफ करणं भाग होतं. परबांनी एक प्रोग्रॅम करून दिला. तो आपण होऊनच यादी चाळणार, ज्या नंबराला होडी नाही किंवा जो तीन महिने लागला नाही किंवा जो दोनदा आलाय तो बाजूला काढणार, आपल्याला दाखवणार, आणि आपण 'होय' म्हटलं की सगळे एका फटक्यात गायब. मी बटण दाबलं. यादी आली: सत्तावन्न नंबर. मला इतका आनंद झाला की गाऱ्हाण्याची आठवण न ठेवता मी 'होय'कडे बोट नेलं.

तात्यांनी माझं मनगट धरलं. "आठ दिवस."

"कसले आठ दिवस? तात्या, प्रोग्रॅमने तपासलंय सगळं!"

"माणूस गेलो तरी धा दिवस वाट बघतत. नंबराक निदान आठ तरी द्या."

आणि दुसऱ्या दिवसापासून हा माणूस पिशवीत वही आणि छत्री घालून सत्तावन्न नंबरांच्या घरी निघाला. एसटीने, पायी, जमेल तसा. फोन करून विचारा म्हटलं, तर म्हणाले, "बंद पडलेल्या फोनाक फोन करून इचारू, तू बंद आसस काय म्हणान?" 

एके दिवशी मिठबावहून परत आले ते हसतच. तिथे एका आजींचा मोबाईल दोन वर्षांमागे विहिरीत पडला होता. आजींनी तो काढून तांदळाच्या डब्यात ठेवला होता आणि सुकायची वाट बघत होत्या. "काढू नको माझो नंबर," त्यांनी तात्यांना बजावलं, "सुकलो की लावतंय." तात्यांनी तिथे तासभर बसून, चहा पिऊन, आजींच्या नातवाचा चालू नंबर घेतला, मगच जुन्यावर रेघ मारली. रेघ अर्थात बारीक.

पाचव्या दिवशी मात्र ते हसत आले नाहीत. वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "सेक्रेटरीनू, तुमचो प्रोग्रॅम चार होड्ये बुडवतलो."

मी वही ओढून बघितली. आमच्या किनाऱ्यावर 'रामेश्वर प्रसाद' नावाच्या पाच होड्या आहेत. पाच घरं, पाच मालक, देव एकच. प्रोग्रॅमने पाचही नावं वाचली, एकच होडी पाचदा आलीय असं धरलं, आणि चार नंबर कचऱ्यात काढले. तीच गत 'भराडी कृपा'ची, तीच 'गणेश प्रसाद'ची आणि तीच आणखी चार-पाच नावांची. सत्तावन्नातले चोवीस नंबर रोज समुद्रावर जाणाऱ्या माणसांचे होते. आणि परबांना 'एक नाव म्हणजे एक होडी' असं सांगणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, नांदगावचा हा डिप्लोमावाला होता. आमच्याकडे शेतात बैलांना नावं ठेवतात, पण एका वाडीत पाच बैल एकाच नावाचे कधी ऐकले नव्हते.

"त्या दिवशी 'होय' दाबलं असतं तर..." मी म्हणालो.

"नाय मरे दाबलास," तात्या म्हणाले. "देवान हात धरल्यान."

हात कोणी धरला होता ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण मी "व्हय म्हाराजा" म्हणालो. न सांगता म्हटलेलं ते पहिलंच.

परबांनी प्रोग्रॅम सुधारला, नावाबरोबर मालकही वाचायला लावला. नवी यादी आली, तेहेतीस नंबरांची. तात्यांच्या वहीत बत्तिसांवर रेघा होत्या. राहिला एक. त्यापुढे होडीचं नाव लिहिलं होतं, 'सुनंदा', आणि मालकाची जागा कोरी होती.

"ही सुनंदा कुणाची, तात्या? रजिस्टरात तर कधी दिसली नाही."

तात्या छत्रीची मूठ चोळत बसले. "आसा एक. ऱ्हवांदे ती."

"नंबर तर चालू आहे असं दाखवतंय. पण होडी नाही. होडी नाही तर वादळाचा मेसेज कशाला? तुम्हीच म्हणता ना, रांगेत एक फुकटचा माणूस उभा राहिला की मागचो भिजता?"

हे वाक्य त्यांचंच होतं. मे महिन्यानंतर ते सगळ्यांना ऐकवत फिरत होते. मी ते त्यांच्यावर उलटवलं आणि मनातल्या मनात खूश झालो. तात्यांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आसा तुमचा. ती होडी आमच्या बंदरात नाय आता. दुसऱ्या बंदराक लागली." त्यांनी वही उघडली, पट्टी लावली आणि सुनंदावर रेघ मारली.

आम्ही माडीवर गेलो. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. नेहमीचंच, फक्त आवाज जरा बसला होता. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? मी पाच मिनिटांची तयारी ठेवून भिंतीला टेकलो, तर तात्यांनी लगेच 'होय' दाबलं. मला वाटलं, चला, म्हातारा सुधारला.

दिवाळीनंतर परत इशारा आला. बंदर ऑफिसचा फॅक्स सकाळी आला, आणि मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. या वेळी राखणदार अडखळला नाही. वीस मिनिटांत शेवटचा मेसेज गेला. पाचही रामेश्वर प्रसादांचे एकामागून एक फोन आले, "मेसेज गावलो, माघारी फिरलंव." दुपारी दीडपर्यंत तोंडवलीपासून खालपर्यंतच्या सगळ्या होड्या वाळूवर होत्या आणि वारं तेव्हा कुठे माडांच्या शेंड्यांना लागायला लागलं होतं. मी खाली येऊन जवळजवळ नाचलो. मेमध्ये ज्यांची जाळी गेली होती त्यांतल्या एकाने माझ्या टेबलावर दोन सुरमया आणून आपटल्या. कागद भिजले. मी ते भिजू दिले.

तात्यांनी सगळ्या नावांपुढे सुखरूप लिहिलं. आणि तरीही ते उठले नाहीत. जेवायला घरी गेले नाहीत. ऑफिसच्या फोनशेजारची खुर्ची ओढून तिथेच बसले. मध्येच रिसीव्हर उचलून कानाला लावत, आवाज येतोय ना ते बघत आणि परत ठेवत.

"कुणाचा फोन यायचाय का?"

"छे छे. लाइन चालू आसा काय ता बघी होतंय."

तेवढ्यात बर्फ न्यायला शेवंतीकाकू आल्या. त्या मासे विकतात आणि साऱ्या किनाऱ्याच्या बातम्या फुकट वाटतात. तात्यांकडे बघून त्या मला बर्फाच्या खोलीत घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुनंदाचो फोन येवक नाय मां अजून?"

"सुनंदा ही होडी आहे ना?"

"होडी? मेल्या, तेंचा चेडू ता, पोटची लेक! सुरतेक दिलेला. संसार आसा, पोरा आसत, वरसान वरस फोन करूक सवड गावणा नाय तेका. आणि हे आपणहून करूचे नायत, चेडवाच्या संसारात त्रास नको म्हणान. पण वादळाचो मेसेज गेलो काय ता धावत फोन करता, 'बाबा, बरे आसास मां?' मगे आमचे तात्या आठ दिवस हवेत! गेल्या वरसाक तर वादाळ कधी येता म्हणान इचारी होते माका."

शेवंतीकाकू बर्फ घेऊन गेल्या. मी त्या गार खोलीत तसाच उभा राहिलो. तीनशे नंबरांच्या यादीत एका शब्दाची चूक खपवून न घेणाऱ्या माणसाने एक खोटी होडी घुसवली होती. आयुष्यात एकच. आणि तीही त्याने माझ्या समोर, पट्टी लावून, स्वतःच्या हाताने काढली होती, कारण मागचा भिजता कामा नये. आणि मी त्याला सुधारला म्हणालो होतो. मला माझीच लाज वाटली.

नंबर राखणदारातून गेला होता. तो मी शोधूनही सापडला नसता. पण तात्यांची वही टेबलावर होती. मी ती उचलून माडीवर गेलो. बत्तीस रेघांच्या खाली तेहेतिसावी रेघ होती, बारीक, सरळ, आणि तिच्याखाली दहाच्या दहा आकडे स्वच्छ वाचता येत होते.

मी आकडे टाकले. मेसेजात काय लिहावं ते सुचेना, म्हणून सगळ्यांना गेलेला इशाराच चिकटवला आणि खाली जोडलं, 'तात्या ऑफिसात आहेत.' यंत्राने विचारलं, खात्री आहे का? आजूबाजूला कोणी नव्हतं. मी चपला काढल्या. हात जोडून पुटपुटलो, बा देवा म्हाराजा, पोरगी कामात नसू दे. आणि व्हय म्हाराजाही माझं मीच म्हणालो, कारण दुसरं कोण म्हणणार?

जिना उतरतोय तोच खाली फोन वाजला.

"हॅलो! कोण? गो बाय माझ्या! ... होय, होय, बरो आसंय मी ... वादाळ? अगो, मोठा आसा! असा वादाळ मी जल्मात बघूक नाय!"

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. वारं सुटलं होतं, पण माड अजून अंगणातल्या अंगणात डुलत होते. तात्यांनी ते वादळ चांगलं अर्धा तास चालवलं. त्यात दोनदा कौलं उडाली, एकदा माझी खुर्ची उडाली. मध्ये नातवंडांची नावं ऐकू आली, जेवलीस काय ते विचारून झालं, आणि मग आवाज इतका बारीक झाला की मी बर्फाच्या खोलीत जाऊन उगाच लाद्या मोजत बसलो.

फोन ठेवून तात्या आले. डोळे पुसले होते, पण नीट पुसले नव्हते.

"सेक्रेटरीनू, यादीत नाय त्या नंबराक मेसेज गेलोच कसो? चौकशी होवक व्हयी."

"मला काय माहीत, तात्या? राखणदाराचं काम."

"गाऱ्हाणा घातलेला मां त्यान?"

"घातलं असावं."

"मगे हरकत नाय," तात्या म्हणाले आणि छत्री घेऊन जेवायला गेले. तेव्हा साडेचार वाजले होते.

त्यांच्यामागे मी वही जागेवर ठेवली आणि दिवसाची नक्कल घ्यायला रजिस्टर उघडलं. सगळ्या होड्या ओळीने लिहिलेल्या होत्या, पाचही रामेश्वर प्रसाद मालकांसकट, प्रत्येकीपुढे सुखरूप. सगळ्यांत खाली, अजून शाई न वाळलेली, एक जादा ओळ होती: सुनंदा. सुखरूप. ती ओळ नियमात बसत नव्हती. मी ती इतर ओळींबरोबर माडीवर चढवली.